लिनक्स प्रणालीचे अद्ययावतीकरण आणि प्रशासकीय अधिकाराचा लोप : स्वरूप, कारणे व उपाय

सारांश

लिनक्स ही अनेक वापरकर्त्यांसाठी रचलेली संगणकप्रणाली असून तिच्यात सामान्य वापरकर्ता आणि प्रशासक यांच्या अधिकारांची स्पष्ट विभागणी केलेली असते. प्रणालीची जुनी आवृत्ती काढून नवी आवृत्ती बसविल्यानंतर कालपर्यंत प्रशासक असलेल्या व्यक्तीला प्रणाली प्रशासक म्हणून ओळखत नाही, असा प्रसंग संगणक प्रयोगशाळांतून उद्भवतो. प्रस्तुत लेखात या प्रसंगामागील तांत्रिक कारणांचे विवेचन केले असून उबुंटू प्रणालीच्या २०१२ मधील आवृत्तीत झालेला गटनामाचा बदल हे उदाहरण त्यासाठी घेतले आहे. अधिकार हा व्यक्तीला नसून नोंदींच्या साखळीला असतो आणि त्या साखळीतील कोणता दुवा तुटला हे ओळखल्यास माहितीची हानी न होता अधिकार परत मिळविता येतो, हे येथे दाखविले आहे.

बीजशब्द : लिनक्स, उबुंटू, प्रशासकीय अधिकार, रूट, सुडो, वापरकर्ता गट, अद्ययावतीकरण.

प्रस्तावना

गेल्या दोन दशकांत मुक्त व विनामूल्य संगणकप्रणालींचा वापर भारतीय शिक्षणसंस्थांतून वाढला. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅकने डेबियनवर आधारलेली 'बॉस' ही लिनक्स प्रणाली २००७ मध्ये उपलब्ध करून दिली. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्सचे प्राथमिक शिक्षण भारतीय भाषांतून महाविद्यालयांपर्यंत नेले. परिणामी ज्यांचा मूळ विषय संगणकशास्त्र नाही अशा प्राध्यापकांवरही विभागातील लिनक्स संगणकांची देखभाल करण्याची जबाबदारी येऊ लागली.

अशा प्राध्यापकांना सर्वाधिक गोंधळात टाकणारी अडचण म्हणजे अद्ययावतीकरणानंतर प्रशासकीय अधिकार नाहीसा होणे. संगणक सुरू होतो, फाईली उघडतात, इंटरनेटही चालते. परंतु नवे सॉफ्टवेअर बसविता येत नाही, विद्यार्थ्यांची खाती उघडता येत नाहीत आणि मुद्रकाची साधी जोडणीही बदलता येत नाही. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आलेली असताना अशा वेळी संपूर्ण प्रणाली पुसून पुन्हा बसविण्याचा मार्ग पत्करला जातो. त्यात विद्यार्थ्यांचे प्रकल्प, विभागाच्या नोंदी आणि वर्षभराचे काम नष्ट होण्याचा धोका असतो. वस्तुतः बहुतांश वेळा दोष एका गटाच्या नावात किंवा एका ओळीत असतो.

अडचण टाळण्यासाठी अद्ययावतीकरणच करू नये, असा सल्लाही दिला जातो. तो स्वीकारार्ह नाही. जानेवारी २०२१ मध्ये 'सुडो' या आज्ञावलीतील एक गंभीर दोष उघड झाला. तो २०११ पासून तिच्यात होता आणि त्याचा फायदा घेऊन कोणताही सामान्य वापरकर्ता प्रशासक होऊ शकत होता. जानेवारी २०२२ मध्ये 'पीकेएक्झेक' या आज्ञावलीतही तसाच दोष आढळला आणि तो २००९ पासूनचा होता. जुनी आवृत्ती तशीच ठेवली तर अनधिकृत व्यक्तीला अधिकार मिळण्याची शक्यता राहते. नवी आवृत्ती बसविताना काळजी घेतली नाही तर अधिकृत व्यक्तीचा अधिकार जाऊ शकतो. म्हणून या यंत्रणेचे स्वरूप समजून घेणे आवश्यक ठरते.

उद्दिष्टे

१) लिनक्स प्रणालीतील प्रशासकीय अधिकाराची रचना स्पष्ट करणे.
२) अद्ययावतीकरणानंतर हा अधिकार कोणकोणत्या कारणांनी जातो याचा शोध घेणे.
३) प्रणालीने दिलेल्या संदेशावरून दोषाचे निदान कसे करावे ते सांगणे.
४) अधिकार पुनःप्राप्तीचे व प्रतिबंधाचे उपाय सुचविणे.

प्रस्तुत विवेचन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचे आहे.

प्रशासकीय अधिकाराची रचना

लिनक्सने अधिकाराची कल्पना युनिक्स या प्रणालीकडून घेतली. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सच्या कामास आरंभ केला. या परंपरेत 'रूट' नावाचा एक सर्वाधिकारी वापरकर्ता असतो. प्रणाली त्याला नावावरून नव्हे, तर शून्य या ओळखक्रमांकावरून ओळखते. ज्या प्रक्रियेचा ओळखक्रमांक शून्य, तिला जवळजवळ सर्व काही करण्याची मुभा असते.

सामान्य वापरकर्त्यालाही कधीकधी मर्यादित कामापुरता हा अधिकार लागतो. स्वतःचा पासवर्ड बदलणे हे त्याचे सोपे उदाहरण होय, कारण पासवर्डांची फाईल रूटच्या ताब्यात असते. यासाठी रिची यांनी एक योजना केली. एखाद्या आज्ञावलीवर विशिष्ट खूण ठेवली की ती कोणीही सुरू केली तरी तिच्या मालकाच्या अधिकाराने चालते. या खुणेस 'सेटयूआयडी' म्हणतात. या कल्पनेच्या पेटंटसाठी १९७३ मध्ये अर्ज करण्यात आला आणि १९७९ मध्ये ते मंजूर झाले.

याच खुणेच्या आधारे १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील संगणकशास्त्र विभागात बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी 'सुडो' ही आज्ञावली तयार केली. तिचा हेतू असा की रूटचा पासवर्ड अनेकांना न देता, ठराविक व्यक्तींना स्वतःच्याच पासवर्डने प्रशासकाचे काम करता यावे आणि कोणी काय केले याची नोंद राहावी. २००४ मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा रूटचे खाते पासवर्डविना बंद ठेवून सर्व प्रशासकीय कामे 'सुडो'मार्फतच करण्याची पद्धत स्वीकारली गेली.

'सुडो'चे नियम 'ईटीसी' या निर्देशिकेतील 'सुडोअर्स' नावाच्या फाईलमध्ये असतात. त्यातील प्रत्येक नियम चार प्रश्नांची उत्तरे देतो : अधिकार कोणाला, कोणत्या संगणकावर, कोणाच्या नावे आणि कोणत्या आज्ञांपुरता. 'कोणाला' या जागी बहुधा व्यक्तीचे नाव नसते. तेथे टक्क्याचे चिन्ह लावून एखाद्या गटाचे नाव दिलेले असते. त्या गटात कोण आहे याची यादी 'ग्रुप' नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये असते.

अशा रीतीने प्रशासकीय अधिकार चार दुव्यांनी बनतो. पासवर्डने ओळख पटली पाहिजे. त्या व्यक्तीचे नाव गटाच्या यादीत हवे. त्या गटाचा नियम 'सुडोअर्स'मध्ये हवा. आणि 'सुडो' ही आज्ञावली स्वतः सुस्थितीत हवी. महाविद्यालयीन व्यवहारातील उदाहरण द्यायचे तर, प्राचार्यांच्या वतीने स्वाक्षरी करण्याचा अधिकार 'परीक्षा समितीच्या सदस्यांना' दिलेला असावा आणि नव्या परिपत्रकात त्याऐवजी 'मूल्यमापन समिती' असा शब्द यावा, तसे हे आहे. व्यक्ती तीच असते, काम तेच असते. परंतु नियम व यादी यांतील नावे जुळत नसल्यामुळे अधिकार संपुष्टात येतो.

उबुंटूतील गटनामाचा बदल

नेमका असाच बदल उबुंटूमध्ये झाला. ११.१० या आवृत्तीपर्यंत प्रशासकांच्या गटाचे नाव 'ॲडमिन' असे होते. एप्रिल २०१२ मध्ये आलेल्या १२.०४ या आवृत्तीपासून ते 'सुडो' असे करण्यात आले. उबुंटू ज्या डेबियन प्रणालीवर आधारलेली आहे तिच्यात हेच नाव वापरले जात असल्याने दोहोंत एकवाक्यता यावी, हा त्यामागील उद्देश होता. १२.०४ ही दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती असल्यामुळे एप्रिल २०१० च्या १०.०४ वर थांबलेले संगणक थेट तिच्याकडे वळविण्याची सोय होती.

जुन्या वापरकर्त्यांची अडचण होऊ नये म्हणून नव्या 'सुडोअर्स' फाईलमध्ये 'ॲडमिन' व 'सुडो' या दोन्ही गटांचे नियम ठेवण्यात आले. तेव्हा केवळ अद्ययावतीकरणाने अधिकार जाण्याचे कारण नव्हते. तथापि पुढील परिस्थितींत तो जाऊ शकतो.

पहिली परिस्थिती संस्थेने 'सुडोअर्स' फाईलमध्ये स्वतःचे फेरफार केलेले असण्याची होय. अशा वेळी अद्ययावतीकरण मध्येच थांबते आणि जुनी फाईल ठेवावी की नवी घ्यावी, असा प्रश्न विचारला जातो. दोन्ही उत्तरांचे परिणाम वेगवेगळे होतात. जुनी फाईल ठेवली आणि तीत 'सुडो' गटाचा नियम नसला, तर जुन्या प्रशासकांचे अधिकार टिकतात, परंतु नंतर 'सुडो' गटात घातलेल्या व्यक्तीला काहीच करता येत नाही. नवी फाईल घेतली, तर संस्थेने घातलेले खास नियम, उदाहरणार्थ प्रयोगशाळा साहाय्यकाला दिलेली एखाद्या आज्ञेपुरती मुभा, त्या फाईलबरोबर जातात.

दुसरी परिस्थिती नीटनेटकेपणाच्या हौसेतून निर्माण होते. 'ॲडमिन' हे नाव कालबाह्य झाले असे वाचून ती ओळ किंवा तो गट काढून टाकला जातो. मात्र त्याआधी संबंधितांची नावे 'सुडो' गटात घालण्याचे राहून जाते. डेबियनच्या 'सुडोअर्स' फाईलची प्रत जशीच्या तशी उबुंटूवर वापरल्यासही हाच परिणाम होतो, कारण तिच्यात 'ॲडमिन' गटाचा नियम नसतो.

तिसरी परिस्थिती दुरुस्ती करतानाच ओढवते. वापरकर्त्याला नव्या गटात घालण्यासाठी 'यूजरमॉड' ही आज्ञा वापरतात. तिच्यासोबत मोठ्या लिपीतील 'जी' हा पर्याय एकटाच दिला, तर दिलेल्या गटाखेरीज अन्य सर्व दुय्यम गटांतून त्या व्यक्तीचे नाव निघून जाते. त्यापूर्वी लहान लिपीतील 'ए' हा 'जोडा' या अर्थाचा पर्याय दिला तरच जुने गट कायम राहतात. मुद्रक किंवा ध्वनी यांच्या गटात नाव घालताना या एका अक्षराच्या विस्मरणाने प्रशासकाचा गट सुटतो. आज्ञा यशस्वी होते, कोणताही इशारा मिळत नाही आणि परिणाम पुढच्या लॉगिनच्या वेळी जाणवतो.

या बदलाची एक उलट बाजूही लक्षात घेतली पाहिजे. २४.०४ या २०२४ मधील आवृत्तीतही 'ॲडमिन' गटाचा जुना नियम 'सुडोअर्स'मध्ये राहिलेला होता. नवे खाते उघडताना त्याच नावाचा स्वतंत्र गटही तयार होण्याची पद्धत आहे. म्हणून कार्यालयीन सोयीसाठी 'ॲडमिन' या नावाचे साधे खाते उघडले, तर त्याला नकळत सर्वाधिकार मिळू शकतो. जुने नियम अधिकृत व्यक्तीला तारतात, तसेच ते अनधिकृत व्यक्तीलाही आत घेऊ शकतात.

अधिकार गेल्याचा आभास निर्माण करणारी कारणे

काही प्रसंगी अधिकार प्रत्यक्षात गेलेला नसतो. जुलै २०१९ मध्ये आलेल्या डेबियन १० मध्ये 'सू' ही आज्ञावली वेगळ्या संचातून घेण्यात आली. त्यामुळे केवळ 'सू' असे लिहून रूट झाल्यास आज्ञा शोधण्याचा मार्ग सामान्य वापरकर्त्याचाच राहू लागला. प्रशासकीय आज्ञा ज्या निर्देशिकेत असतात ती त्या मार्गात नसल्याने 'आज्ञा सापडली नाही' असा संदेश येतो. 'सू'नंतर एक आडवी रेघ दिली की रूटचा संपूर्ण परिसर मिळतो आणि अडचण दूर होते.

चित्रमय पडद्यावरील कामांसाठी 'पोलकिट' नावाची वेगळी यंत्रणा असते आणि तिचे नियम 'सुडोअर्स'हून निराळ्या फाईलींत असतात. म्हणून टर्मिनलमध्ये अधिकार असूनही पडद्यावरील खिडकीत तो नाकारला जाणे, किंवा याच्या उलट होणे, शक्य असते. २०१२ मधील ०.१०६ या आवृत्तीपासून पोलकिटचे नियम जावास्क्रिप्टमध्ये लिहिण्याची पद्धत आली. डेबियनने मात्र २०२३ मधील १२ व्या आवृत्तीत तिचा स्वीकार केला. जुन्या पद्धतीने लिहिलेले स्थानिक नियम सुसंगततेचा वेगळा संच बसविल्याखेरीज तेथे वाचले जात नाहीत.

आणखी एक कारण मराठी वापरकर्त्यांच्या जवळचे आहे. अद्ययावतीकरणात कळफलकाची मांडणी बदलली, किंवा देवनागरीची इनस्क्रिप्ट मांडणी सुरू राहिली, तर पासवर्डाची अक्षरे पडद्यावर दिसत नसल्यामुळे चूक लक्षात येत नाही. लॉगिनच्या चौकटीत वापरकर्त्याच्या नावाच्या जागी पासवर्ड टंकून पाहिल्यास ही शंका लगेच फिटते. त्यानंतर ती अक्षरे पुसून टाकावीत.

संदेशावरून निदान

प्रणाली नकार देताना जो संदेश देते त्यात निदानाची दिशा असते. पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश आल्यास ओळखीचा दुवा तुटलेला आहे. गट किंवा नियम तपासण्यात तेव्हा वेळ घालवू नये. 'हा वापरकर्ता सुडोअर्स फाईलमध्ये नाही' अशा अर्थाचा संदेश आल्यास ओळख पटलेली आहे, परंतु गटाची यादी आणि नियम यांत मेळ नाही. 'आयडी' ही आज्ञा दिली असता सध्याचे सर्व गट दिसतात. गटाचे सदस्यत्व लॉगिनच्या वेळी वाचले जाते. म्हणून यादीत दुरुस्ती केल्यानंतर बाहेर पडून पुन्हा आत येणे आवश्यक असते. ते न केल्यामुळे बरोबर केलेली दुरुस्तीही निष्फळ वाटते.

'सुडोअर्स' फाईलचा मालक किंवा तिच्यावरील परवानग्या चुकीच्या असल्याचा, अथवा तिच्यातील एखादी ओळ वाचता येत नसल्याचा संदेश आल्यास नियमांची फाईलच बिघडली आहे. आणि 'सुडो'वर सेटयूआयडीची खूण नाही असा संदेश आल्यास आज्ञावलीच निकामी झालेली असते. संपूर्ण निर्देशिकेच्या परवानग्या एका आज्ञेने सरसकट बदलल्याचा तो बहुधा परिणाम असतो. या शेवटच्या प्रकारात बिघाड अन्यत्रही पसरलेला असू शकतो.

अधिकाराची पुनःप्राप्ती

दुसऱ्या एखाद्या प्रशासकाचे खाते चालू असेल तर त्यातून आत जाऊन दुरुस्ती करणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. तसे खाते नसल्यास उबुंटूमध्ये संगणक सुरू होताना 'ग्रब'ची यादी उघडावी. जुन्या बायोस पद्धतीच्या संगणकांत त्यासाठी शिफ्ट, तर यूईएफआय पद्धतीच्या संगणकांत एस्केप ही कळ वापरतात. त्या यादीतील प्रगत पर्यायांतून 'रिकव्हरी मोड' व नंतर रूटचे टर्मिनल निवडावे. या अवस्थेत मुख्य फाईलव्यवस्था केवळ वाचनासाठी जोडलेली असू शकते; अशा वेळी 'माउंट' आज्ञेने ती लेखनासाठी पुन्हा जोडल्याखेरीज बदल टिकत नाही. त्यानंतर वर सांगितलेल्या दोन्ही पर्यायांसह 'यूजरमॉड' वापरून वापरकर्त्याला 'सुडो' गटात घालावे.

'सुडोअर्स' फाईल दुरुस्त करायची असल्यास ती साध्या संपादकात न उघडता 'व्हीसुडो' या आज्ञेनेच उघडावी. ही आज्ञा जतन करण्यापूर्वी व्याकरण तपासते, तसेच एकाच वेळी दोघांना ती फाईल बदलू देत नाही. डेबियनमध्ये रूटचे खाते बंद असल्यास दुरुस्तीच्या अवस्थेतही प्रवेश नाकारला जातो; तेव्हा सीडी किंवा पेनड्राइव्हवरील 'लाइव्ह' प्रणालीने संगणक सुरू करून मूळ डिस्कवरील फाईली दुरुस्त कराव्या लागतात. फेडोरा व रेड हॅट या प्रणालींत प्रशासकांच्या गटाचे नाव 'व्हील' असते, ही गोष्टही ध्यानात ठेवावी.

यातून एक गंभीर बाब स्पष्ट होते. ज्याच्या हाती संगणक प्रत्यक्ष येतो, तो याच मार्गाने प्रशासक होऊ शकतो. डिस्क कूटबद्ध असेल तर मात्र तिचे सांकेतिक वाक्य कळल्याशिवाय काहीही करता येत नाही. आणि ते हरवले तर संस्थाही आपल्या माहितीला मुकते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या अनुमतीशिवाय संगणकात प्रवेश करण्याचा समावेश आहे. म्हणून अशी दुरुस्ती विभागप्रमुखांच्या लेखी संमतीने व शक्यतो दोघांच्या उपस्थितीत करणे इष्ट होय.

प्रतिबंधक उपाय

१) प्रत्येक संगणकावर किमान दोन प्रशासकीय खाती असावीत व दोन्ही प्रत्यक्ष वापरून पाहिलेली असावीत.
२) अद्ययावतीकरणापूर्वी 'ईटीसी' निर्देशिकेची प्रत व विद्यार्थ्यांच्या फाईली बाहेरील डिस्कवर घ्याव्यात.
३) अधिकारांत बदल करताना एक टर्मिनल रूटच्या अधिकाराने उघडे ठेवावे आणि दुसऱ्या लॉगिनमधून अधिकार चालतो याची खात्री पटल्यावरच ते बंद करावे.
४) संस्थेचे खास नियम मुख्य 'सुडोअर्स' फाईलमध्ये न लिहिता 'सुडोअर्स डॉट डी' या निर्देशिकेत वेगळ्या फाईलमध्ये लिहावेत. त्यामुळे नवी मुख्य फाईल निर्धास्तपणे स्वीकारता येते. मात्र या वेगळ्या फाईलच्या नावात टिंब असू नये. तसे असल्यास ती वाचली जात नाही.
५) सर्व प्रयोगशाळेचे अद्ययावतीकरण एकदम न करता आधी एका संगणकावर करून पाहावे.
६) प्रशासकीय पासवर्ड व कूटबद्धतेचे वाक्य बंद लिफाफ्यात संस्थेच्या अभिरक्षेत ठेवावे. देखभाल करणाऱ्या एकाच व्यक्तीच्या स्मरणावर विसंबून राहिल्यास तिच्या बदलीबरोबर अधिकारही जातो.

हे उपाय एकदाच करून भागत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या उबुंटू २५.१० मध्ये मूळ 'सुडो'च्या जागी रस्ट या भाषेत नव्याने लिहिलेली 'सुडो-आरएस' ही आज्ञावली सुरुवातीपासून वापरात आणली गेली. जुन्या 'सुडो'तील सर्वच सोयी तिच्यात नाहीत. त्यामुळे संस्थेचे खास नियम नव्या आवृत्तीकडे वळण्यापूर्वी तपासून घेणे अगत्याचे झाले आहे.

निष्कर्ष

१) अद्ययावतीकरणानंतर प्रशासकीय अधिकार जाणे म्हणजे प्रणाली नष्ट होणे नव्हे. ओळख, गटाची यादी, नियम व आज्ञावली या चार दुव्यांपैकी एखादा तुटल्याचे ते लक्षण होय.
२) उबुंटूतील 'ॲडमिन' ते 'सुडो' या बदलात निर्मात्यांनी सुसंगतता राखली होती, अधिकार जाण्यास स्थानिक फेरफार व अपुरी दुरुस्ती ही कारणे अधिक जबाबदार ठरतात.
३) प्रणालीचा संदेश नीट वाचून निदान केल्यास प्रणाली पुन्हा बसविण्याची व त्यामुळे होणाऱ्या शैक्षणिक हानीची वेळ सहसा येत नाही.
४) प्रशासकीय अधिकाराची नोंद, राखीव खाते व लेखी कार्यपद्धती ही संगणकतज्ज्ञाची खासगी बाब नसून संस्थात्मक जबाबदारी आहे. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीप्रमाणे किंवा परीक्षा विभागाच्या किल्ल्यांप्रमाणे तिचीही रीतसर देवघेव व्हावयास हवी.